होडीवर घडीचं छत: बसवायचं कसं आणि वाऱ्यात टिकवायचं कसं

माझ्या होडीच्या दोन्ही काठांवर, मधल्या फळीच्या जरा मागे, बुजवलेली भोकं आहेत. प्रत्येक बाजूला चार. रेझिन भरून वर जेलकोट (फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर) मारलाय, तरी तिरप्या उन्हात डाग उठून दिसतात. ती भोकं माझ्या पहिल्या छताची. त्या छताने जेमतेम सहा आठवडे काढले आणि मार्चमधल्या एका दुपारी कर्ली नदीच्या मुखाशी ते उखडलं. आता त्याच होडीवर दुसरं छत आहे आणि त्याचा हा पाचवा हंगाम. पहिल्याच्या वेळी काय चुकलं आणि दुसऱ्याच्या वेळी काय केलं, ते सगळं मापांसकट लिहितो.

मी मालवणजवळच्या देवबागचा. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये आमचं चिंचोळं गाव. होडी अठरा फुटी, फायबरची. रुंदीला काठापासून काठापर्यंत १८३ सेंटिमीटर, मागे ९.९ एचपीचं आऊटबोर्ड. पर्यटकांना संगम, त्सुनामी आयलंड आणि वरच्या अंगाला कांदळवन दाखवून आणतो. एप्रिलमध्ये सकाळी अकरालाच फायबरच्या फळीवर हात ठेववत नाही. तान्ही पोरं आणि म्हातारी माणसं घेऊन दीड तास फिरायचं तर डोक्यावर सावली हवीच. ती घडीचीच हवी, कारण पाईपचं कायमचं छप्पर मोठ्या बोटीला शोभतं, अठरा फुटी होडी त्याने वर जड होते. वारा वाढला तर ते खाली घेता येत नाही, हे त्याहून वाईट.

पहिलं छत मी तयार विकत घेतलं होतं. बसवणारा माणूस आला, बिजागऱ्या काठावर ठेवल्या, ५ मिमीचे पत्र्याचे स्क्रू ड्रिलने घुसवले आणि तासाभरात मोकळा झाला. पुढे दोन पट्टे, मागे दोन पट्टे. दिसायला झकास. त्या दुपारी सहा जणांना घेऊन संगमावरून परत येत होतो. खारा वारा चांगलाच चढला होता आणि नदीच्या वळणावर त्याचा एक झोत खालून छतात शिरला. डाव्या बिजागरीचे स्क्रू एकामागून एक सुटल्याचा आवाज मी ऐकला, आणि पुढच्या क्षणी सगळा सांगाडा उजव्या बिजागरीवर गरकन फिरला. मागच्या फळीवर बसलेल्या एका काकूंच्या कोपराला पाईप लागला. रक्त आलं, टाके पडले नाहीत, काकू शांत राहिल्या. मी मात्र इंजिन बंद करून नुसता तो लोंबणारा पाईप धरून बसलो होतो.

घरी येऊन स्क्रू हातात घेतले. आट्यांमध्ये पांढरी पूड अडकली होती. ती फायबरची पूड. रोज लाटांवर आपटून, रोज थोडं थोडं हलून स्क्रूने आपलंच भोक किसून मोठं केलं होतं. वाऱ्याने फक्त शेवटचा झटका दिला.

बाबांनी तरुणपणी शिडाच्या होड्या चालवलेल्या. त्यांनी ते स्क्रू पाहिले, मग अंगणात पडलेल्या सांगाड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "शिडाची दोरी हातात आसता. तुझ्या ह्या छपराची दोरी खंय आसा?" दुसरं छत मी या एका प्रश्नावर बांधलं.

वारा किती ओढतो

छत उन्हासाठी असलं तरी वाऱ्याच्या लेखी ते शीडच आहे. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एखाद्या उभ्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे साधारण ६ किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला, ताशी ७२, की दाब चौपट होतो, म्हणजे २५ किलोच्या आसपास. माझं छत तीन चौरस मीटरचं. ते आडवं असतं तेव्हा एवढा सगळा दाब लागत नाही, पण लाटेवर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उचलली आणि छताचं पोट वाऱ्याला लागलं की पंधरा-वीस किलो सहज, आणि जोराच्या झोतात सत्तरच्या वर. त्यात होडीचा स्वतःचा वेग मिळवा. समोरून ताशी २० चा वारा आणि होडी २० ने चालली असेल तर छताला तो ४० चा वारा आहे.

वाऱ्याहून मोठा भार मात्र माणसांचा. जेटीवरून होडीत उतरताना प्रत्येक जण हमखास कमान पकडतो. सत्तर किलोचा माणूस तोल जाताना कमानीला लोंबकळला की बिजागरीवर जो आडवा झटका बसतो, तो वाऱ्याने कधी बसत नाही. मी काठावर पकडायला वेगळा दांडा बसवला आहे आणि उतरताना प्रत्येकाला स्वतःचा हात देतो. तुम्हीही द्या.

सांगाडा निवडताना

तीन कमानींचा सांगाडा घ्या. मधली मुख्य कमान थेट काठावरच्या बिजागरीवर उभी राहते, पुढची आणि मागची तिच्याच पायांवर सरकत्या पकडींनी जोडलेली असते. दोन कमानींचं छत माझ्या लांबीला मधे झोळ घेतं, चार कमानी एवढ्या होडीला जड पडतात. पाईप २५ मिमी व्यासाचा आणि भिंत १.५ मिमीच्या खाली नको.

धातूचं म्हणाल तर एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, ३१६ ग्रेडचं. यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या हवेत टिकतं. ३०४ ला एका हंगामात चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके पडतात. दुकानात चुंबक लावून दाखवतात, त्यावर जाऊ नका. ३०४ काय आणि ३१६ काय, चुंबकाला दोन्ही जवळपास चिकटत नाहीत. बिलावर ग्रेड लिहून घ्या. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका आणि स्वस्त असतो, नदीपुरता चालेल. पण त्याला एसएसचे बोल्ट लागले की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी धरतं. जिथे दोन धातू भेटतात तिथे नायलॉनचे वायसर आणि बुश घालायलाच हवेत.

आधी चिव्याची कमान

काठाला ड्रिल लावण्यापूर्वी छत कुठे येणार ते डोळ्यांनी पाहायला हवं. मी चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, तीन ओल्या काठ्या वाकवून कमानी केल्या, सुंभाने काठाला बांधल्या आणि वर जुनी चादर टाकली. मग होडी पाण्यात घेतली. इंजिन, पेट्रोलचा डबा, नांगर, सगळं जागच्या जागी आणि फळ्यांवर घरची माणसं. हे पाण्यातच करा. वाळूवर होडी एका कुशीवर झुकलेली असते, आणि रिकाम्या होडीची नाळ जशी वर असते तशी भरल्यावर राहत नाही. वाळूवर सपाट दिसलेलं छत पाण्यात मागे कललेलं निघतं.

त्या दिवशी तीन गोष्टी कळल्या. मागे सुकाणूपाशी बसल्यावर छताची पुढची कडा नेमकी माझ्या नजरेच्या रेषेत येत होती, समोरची होडी अर्धी झाकली जायची. पुढची कमान पाच सेंटिमीटर वर घेतली तेव्हा मोकळं दिसलं. दुसरं, इंजिन वर उचललं की त्याचं डोकं पुढे होडीत येतं. छताची घडी मागे पडते तेव्हा ती त्याला लागता कामा नये. तिसरं, आईला उंच छताखाली साडेदहाच्या उन्हातही मांडीवर ऊन येत होतं, आणि छत खाली घेतल्यावर सावली पुरली. म्हणून उंची माणूस बसून डोकं लागणार नाही एवढीच ठेवा. माझी काठापासून १२० सेंटिमीटर आहे. दर दहा सेंटिमीटर उंचीला वाऱ्याचा बिजागरीवरचा जोर वाढतो आणि होडी वर जड होते.

माझी अंतिम मापं अशी: छताची लांबी १८०, बिजागरीपासून समोरच्या बिजागरीपर्यंत १७५, आणि बिजागरी मागच्या फळीपासून (बसायची नव्हे, इंजिन लावतो ती उभी फळी) २२० सेंटिमीटरवर. उघडलेल्या छताच्या साधारण मध्याखाली बिजागरी यावी. घडी मागे पाडल्यावर ती त्याच उभ्या फळीपासून ९० सेंटिमीटरवर थांबते, इंजिनाला लागत नाही.

दोन्ही बिजागऱ्या समोरासमोर आहेत का, हे काठाच्या मागच्या टोकापासून मोजून ठरवू नका. फायबरची होडी साच्यातून निघते तेव्हाही मागची फळी एखाद-दोन सेंटिमीटर तिरकी असू शकते. नाळेच्या टोकाला दोरी बांधा, ती ताणून डाव्या बिजागरीच्या खुणेपर्यंत न्या, गाठ मारा, मग तीच दोरी उजवीकडे फिरवा. गाठ खुणेवर आली पाहिजे. माझ्या होडीत मागून मोजलेलं माप आणि दोरीचं माप यांत १४ मिमीचा फरक निघाला. तेवढ्यावरसुद्धा छत उघडताना पिळलं असतं आणि कापडाला एका कोपऱ्यात कायमची सुरकुती पडली असती.

बिजागरी: आरपार बोल्ट

स्क्रू नको. आरपार बोल्ट, ६ मिमी, ३१६ चा, आणि काठाच्या खालून आधारपट्टी. मी ६ मिमी जाडीच्या फायबर शीटचे हाताच्या तळव्याएवढे तुकडे कापले. त्यांच्याखाली रुंद वायसर, मग नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा नट. वरून येणारी ओढ आता चार भोकांच्या कडांवर न येता सगळ्या तळव्यावर पसरते.

खुणेवर मास्किंग टेप लावा आणि टेपवरच पेन्सिलने केंद्र काढा. आधी ३ मिमीचं बिट, ड्रिल उलटं फिरवून. उलट फिरवल्याने बिट जेलकोट खरवडत हळू आत जातं आणि कडेचे टवके उडत नाहीत. जेलकोट पार झाला की सरळ फिरवा. मग ६.५ चं बिट, आणि शेवटी भोकाच्या तोंडाला थोडी उतरती कड. ही कड दोन कामं करते: जेलकोटला तडे जात नाहीत आणि सीलंटला बसायला खोबण मिळते.

काठाच्या आत लाकूड असेल तर इथे थांबा. ड्रिलमधून पांढऱ्या पुडीच्या मागोमाग तपकिरी भुसा आला की समजा आत लाकूड किंवा प्लाय आहे. त्यात सरळ बोल्ट घातला तर पाणी झिरपून दोन पावसांत आतलं लाकूड कुजतं, आणि बाहेरून काही कळत नाही. भोक १० मिमीचं करा, खालून टेप लावून बंद करा, घट्ट केलेलं इपॉक्सी भरा, एक दिवस सुकू द्या आणि मग त्या इपॉक्सीतूनच ६.५ चं भोक पाडा. लाकडाला आता बोल्टही लागत नाही आणि पाणीही. माझा डावा काठ कोरडा निघाला, उजव्या काठातून काळपट ओला भुसा आला. तो पहिल्या स्क्रूंचा प्रसाद. तिथलं लाकूड कोरून काढून सगळं इपॉक्सीने भरायला दोन दिवस गेले, पण ते केलं म्हणून आज तो काठ दगडासारखा आहे.

खालून हात जात नसेल, काठ आतून बंद असेल, तर आतल्या बाजूला गोल झाकणाचं भोक पाडून घ्या. झाकण विकत मिळतं. हात जात नाही म्हणून स्क्रू मारायची पळवाट काढू नका.

सीलंट पॉलियुरेथेनचं, मरीन वापराचं. बाथरूमचं सिलिकॉन इथे नको. बिजागरीच्या तळाला, बोल्टच्या डोक्याखाली आणि उतरत्या कडेत ते लावा, नट इतकाच आवळा की चहूबाजूंनी थोडं बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी ते रबरासारखं झालं की शेवटचा अर्धा आटा द्या. पहिल्याच दिवशी करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर पळतं आणि मध्ये काही राहत नाही. आवळताना नेहमी खालचा नट फिरवा, वर कोणीतरी बोल्टचं डोकं धरून ठेवू दे. डोकं फिरलं की सीलंटची पकड तुटते. नटात ग्रीसचा एक थेंब घाला आणि हाताच्या पान्याने सावकाश आवळा. एसएसवर एसएस घाईने फिरवलं तर आटे एकमेकांना चिकटतात, आणि मग बोल्ट कापल्याशिवाय सुटत नाही.

तणावे आणि दांडे

बिजागरी छताला जागेवर ठेवते, उभं ठेवत नाही. मुख्य कमान बिजागरीवर पुढे-मागे मोकळी फिरते, तिला उभं धरतात ते पुढचे तणावे आणि मागचे दांडे. छत उखडण्याची सुरुवात नेहमी इथून होते. एक बाजू सैल पडते, छत हलायला लागतं आणि त्या हलण्याने बाकीचं सुटत जातं.

पुढे पट्टे चालतात. २५ मिमी रुंदीचा पॉलिस्टरचा पट्टा, एका टोकाला एसएसचा हूक, मध्ये बकल. नायलॉनचा पट्टा ओला झाला की लांबतो, सकाळी ताणलेला दुपारी लोंबतो. पॉलिप्रॉपिलीनचा रंगीत पट्टा बाजारात स्वस्त मिळतो, पण आपल्या उन्हात एका वर्षात त्याचे तंतू बोटांनी चुरता येतात.

पट्ट्याचा कोन फार महत्त्वाचा. छताला वर उचलणारा जोर १० किलो असेल आणि पट्टा पाण्याच्या रेषेशी ३० अंशांत असेल, तर पट्ट्यात २० किलोची ओढ येते. ४५ अंशांत असेल तर १४, आणि ६० अंशांत १२ च्याही खाली. पट्टा जितका आडवा, तितका तो स्वतःलाच जास्त ओढतो. माझ्या छताची पुढची कडा १२० उंच आहे आणि काठावरची कडी तिच्यापुढे १०० सेंटिमीटरवर, म्हणजे पन्नास अंश. ही कडीही आरपार बोल्टने आणि आधारपट्टीनेच बसवायची, तिला बिजागरीइतकाच मान द्या. पट्ट्यावर मी लाल कापडाची चिंधी बांधतो, नाहीतर उतरताना पाय अडकतो.

मागे मात्र पट्टे ठेवू नका. पट्टा फक्त ओढू शकतो, रेटू शकत नाही. होडी लाटेवरून आपटते तेव्हा छत आधी मागे झुकतं, मागचे पट्टे सैल होतात आणि पुढच्या क्षणी छत पुढे गेलं की ते खट्कन ताणतात. दर लाटेला हा झटका. माझ्या पहिल्या छताची बिजागरी याच झटक्यांनी किसली गेली. म्हणून मागे ताठ दांडे. २२ मिमीचा पाईप, वरचं टोक मागच्या कमानीला, खालचं टोक काठावर. दांडा ओढही घेतो आणि रेटाही घेतो, त्यामुळे पुढचे पट्टे कायम ताणलेले राहतात. कमान, दांडा आणि काठ असा त्रिकोण झाला की तो हलत नाही.

छत कुशीवर डुलू नये म्हणून दांड्यांची वरची टोकं मी कमानीच्या वळणावर, काठाच्या रेषेपासून हातभर आत घेतली. मागून पाहिलं तर दोन्ही दांडे वर एकमेकांकडे झुकलेले दिसतात. एवढ्या एका बदलाने डुलणं जवळपास थांबलं. मेव्हणा आयटीआयचा वेल्डर, त्याने आधी दांडे सरळ लावले होते. दोघांनी कमानीचा वरचा कोपरा हाताने हलवून पाहिला, तर चार बोटं हलत होता. टोकं आत घेतल्यावर तोच कोपरा बोटभरही हलेना.

दांडे सगळ्यात शेवटी कापा. आधी छत उघडून, कापड चढवून, पुढचे पट्टे हाताने ताणून, सगळं मनासारखं उभं करा, मग सुंभ धरून दांड्याची लांबी घ्या. कागदावरच्या मापाने कापलेला दांडा हमखास आखूड निघतो. मधली कमान पुढच्या-मागच्यापेक्षा पाच सेंटिमीटर उंच ठेवा. अवकाळी सर आली तर पाणी साचत नाही. साचलेल्या पाण्याचं वजन डोक्यावर घेऊन फिरणं धोक्याचं. सरकत्या पकडींचे बारीक स्क्रू आवळा आणि पहिल्या दहा फेऱ्यांनंतर पुन्हा आवळा, ते बसतात आणि सैल होतात.

आता बाबांची दोरी. माझ्या दांड्यांच्या खालच्या टोकाला बोल्ट नाही, ओढून काढायची पिन आहे, ६ मिमीची, टोकाशी स्प्रिंगवर आत दबणारी गोळी असलेली. प्रत्येक पिनेला वीतभर नायलॉनची दोरी बांधून ती काठाला अडकवली आहे, म्हणजे हातातून सुटली तरी खाडीत जात नाही. पुढच्या हुकांना बकल आहे, ते एका अंगठ्याने सुटतं. छताची दोरी ती ही.

कापड

यावर फार लिहीत नाही, कारण शिवणारा माणूस चांगला असेल तर निम्मं काम होतं. मी रिक्षा-टेम्पोच्या सीट शिवणाऱ्याकडून करून घेतलं. त्याच्याकडे जाड सुईचं मशीन असतं आणि ताण कुठे येतो ते त्याला कळतं. रंग मुळातच धाग्यात मुरवलेलं ॲक्रिलिक कापड महाग पण उन्हात टिकतं, हवाही थोडी खेळते. पीव्हीसीची ताडपत्री पाणी अजिबात सोडत नाही, मात्र तिच्याखाली उकडतं. वरून फिकट रंग घ्या. दोरा पॉलिस्टरचाच सांगा, सुती दोरा खाऱ्या उन्हात दोन हंगामांत विरतो आणि कापड शाबूत असूनही शिवण उसवते. चेन प्लॅस्टिकची. धातूची चेन एका पावसाळ्यात जाम होते.

छत पाडायची सवय

लाटांच्या माथ्यांवर सगळीकडे पांढरा फेस दिसायला लागला की मी छत पाडतो. वारा आणखी वाढेल का, थोडं थांबू का, असा विचार करत बसत नाही. आमच्याकडे सकाळी मतलई वारा मंद असतो, दुपारनंतर खारा वारा चढतो, म्हणून दोननंतरच्या फेरीला संगमाकडे जाण्यापूर्वीच बऱ्याचदा घडी घालून निघतो.

क्रम चुकवू नका. होडी वाऱ्याला तोंड करून अगदी हळू ठेवा. मागच्या फळीवरच्या लोकांना बसल्या बसल्या, एकेक करून पुढे सरकवा, कारण घडी त्यांच्या जागेवर पडणार आहे. जोडीदाराने मुख्य कमान दोन्ही हातांनी घट्ट धरायची. मग आधी मागच्या पिना. त्यानंतरच पुढची बकलं. पुढची बकलं आधी सोडलीत तर छताची पुढची कडा वाऱ्यात वर उडते आणि धरणाऱ्याच्या हातातून सुटते. पुढची कमान मागे आणून घडी हळूच काठावर ठेवा आणि दोन ठिकाणी बांधा. मी आणि माझा पुतण्या हे जेटीवर घड्याळ लावून करत असू. पहिल्यांदा दोन मिनिटं लागली, आता पंचवीस सेकंद.

जेटीला लागताना छत उघडं असेल तर होडी वाऱ्याबरोबर जास्त सरकते हे ध्यानात ठेवा. हळू वेगात सुकाणू कमी ऐकतं आणि छत ढकलत असतं. नांगरावर उभी होडीही जास्त झोके घेते. आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात बांधलेलं हवं, उशाला नको. होडी कधी उलटलीच तर छताखालून आधी खाली आणि मग बाहेर यावं लागतं. हे फेरी सुरू होण्यापूर्वी प्रवाशांना दोन वाक्यांत सांगा, लोक घाबरत नाहीत, उलट नीट बसतात.

होडी प्रवासी वाहतुकीची असेल तर भोकं पाडण्याआधी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा. सर्वेक्षणाच्या वेळी छत समोर येतंच, आधी दाखवलेलं बरं.

हंगामात आणि हंगामानंतर

रोज संध्याकाळी एक बादली गोडं पाणी, बिजागऱ्या आणि पकडींवर. सांध्यात मीठ साचलं की ३१६ लाही डाग धरतो. आठवड्यातून एकदा काठाखाली हात घालून आठही नट चाचपतो. नट हलला नाही तरी आधारपट्टीच्या कडेला पांढरी पूड बोटाला लागली, तर कुठेतरी काहीतरी घासतंय. पूड दिसली त्या दिवशी फेरी नाही, आधी ते उघडून पाहायचं. पट्ट्याची शिवण बकलपाशी आधी झिजते, तिथे नखाने उसवून पाहा.

मेच्या शेवटी फेऱ्या बंद झाल्या की सांगाडा उतरवतो. दांड्यांवर आणि काठावरच्या बिजागऱ्यांवर ऑइल पेंटने डावा-उजवा लिहून ठेवलंय, कारण दोन्ही दांड्यांच्या लांबीत माझ्या होडीत ६ मिमीचा फरक आहे आणि अदलाबदल झाली की पिन बसत नाही. कापड गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस सावलीत वाळवतो, घडी न घालता बांबूवर गुंडाळतो आणि पडवीच्या आढ्याला आडवं टांगतो, उंदरांचा हात पोचणार नाही असं. पिना पेट्रोलने पुसून ग्रीसच्या डबीत. नारळी पौर्णिमा झाली की डबी उघडतो, आणि सगळ्यात आधी त्या दोन पिना बोटांनी दाबून त्यांच्या गोळ्या आत-बाहेर होतात का ते पाहतो.